दुधाचा जीन सापडला म्हणे, मग माझ्या गोठ्यात का नाही?

मागच्या अंकात या सदरात मी ओघात दोन ओळी लिहून गेलो होतो, की गायीच्या १४ नंबरच्या गुणसूत्रावर एक जीन आहे आणि त्याच्यातल्या एका बदलानं दुधाचं फॅट बदलतं. त्या दोन ओळींवर इतके प्रश्न आले की हा अख्खा अंक त्यालाच द्यायचं ठरवलं. अर्धे प्रश्न गोठ्यातून आलेत, अर्धे कॉलेजातून, एक तर नेदरलँड्समधून. आधीच सांगतो, मी आकडेवारीतला माणूस आहे, धार काढायला बसवलं तर गाय लाथ मारेल. पण हा विषय निम्मा आकडेवारीचाच आहे, त्यामुळे चालून जाईल.

प्रश्न (सांगली जिल्ह्यातले एक दूध उत्पादक): दर वर्षी कुठंतरी वाचतो की दुधाचा जीन सापडला. इकडे डेअरीवर फॅट ३.२ लागलं की दर कापतात. मग तो जीन असलेल्या वळूची कांडी (कृत्रिम रेतनासाठीची सीमेनची नळी) का मिळत नाही? आणि हे लोक नक्की शोधतात कसं?

दादा, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि दुसरा जास्त मजेशीर आहे म्हणून तो आधी घेतो.

शिंगं आहेत की नाहीत हा गुण हो किंवा नाही असा असतो. दूध तसं नसतं, एक गाय ८ लिटर देते, दुसरी ११, तिसरी साडेनऊ. अशा मोजायच्या गुणामागे एक जीन नसतो, शेकड्यानं असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, आणि वर चारा-पाणी, ऊन, कितवं वेत, धार काढणारा हात हे सगळं मिसळलेलं. या गर्दीतून एका जीनचा वाटा वेगळा काढायचा. गुणसूत्रावर ज्या पट्ट्यात असा जीन दडलेला असतो त्या पट्ट्याला म्हणतात क्यूटीएल.

युक्ती जुनी आहे. १९२३ मध्ये कार्ल सॅक्स यांनी घेवड्याच्या बियांवर पाहिलं, की बीच्या सालीचा रंग आणि बीचं वजन हे दोन्ही सोबत चालतात. रंगाचा जीन काही वजन वाढवत नव्हता, पण वजनाचा कुठला तरी जीन त्याच्या शेजारी राहत होता म्हणून दोघं पुढच्या पिढीत जोडीनं जात होते. रंग डोळ्यांना दिसतो, वजनाचा जीन दिसत नाही, मग दिसणाऱ्या शेजाऱ्यावरून न दिसणाऱ्याचा माग काढायचा. हा दिसणारा शेजारी म्हणजे मार्कर. जनावरांत डीएनए वाचायची सोय नव्हती तेव्हा १९६१ मध्ये नीमन-सोरेन्सन आणि रॉबर्टसन यांनी डेन्मार्कच्या गायींत चक्क रक्तगटच मार्कर म्हणून वापरले. फार काही हाती लागलं नाही, पण विचार पक्का होता.

आता गायींत ही गोष्ट सोपी का होते बघा. कृत्रिम रेतनामुळे एकाच वळूच्या शेकडो, हजारो मुली असतात. त्या वळूकडे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक बापाकडून, आणि प्रत्येक मुलीला त्यातली एकच मिळते. मग मुलींचे दोन ढीग करा, ही प्रत मिळालेल्या इकडे आणि ती मिळालेल्या तिकडे, आणि दोन्ही ढिगांच्या दुधाची सरासरी काढा. फरक नसेल तर त्या पट्ट्यात काही नाही. फरक असेल आणि तो योगायोगाच्या पलीकडचा असेल तर तिथं काहीतरी आहे. एवढंच! बाकी सगळी पुस्तकं 'योगायोगाच्या पलीकडचा' या दोन शब्दांवर लिहिलेली आहेत.

पण हजारो गायींचा डीएनए तपासायचा तर खर्च. त्यावर वेलर, काशी आणि सोलर यांनी १९९० मध्ये फार हुशारीची मांडणी सुचवली, आपण तिला नातींची मांडणी म्हणू. आजोबा वळू, त्याचे मुलगे वळू, आणि त्या मुलग्यांच्या मुली. दूध मोजायचं नातींचं, ते दूध संघाच्या वहीत असतंच, आणि डीएनए तपासायचा फक्त मुलग्यांचा, तोही कांडीतल्या सीमेनमधून मिळतो, गोठ्यात जायची गरजच नाही. १९९५ मध्ये बेल्जियमचे मिशेल जॉर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन होल्स्टिनच्या (आपण एचएफ म्हणतो ती दुधाळ जात) १४ कुटुंबांतले १,५१८ वळू असे तपासले. त्यांच्यामागे दीड लाखाहून जास्त मुलींच्या दुधाच्या नोंदी होत्या. मार्कर किती, तर १५९, तेवढ्यात गायीचा साधारण दोन तृतीयांश जीनोम झाकला गेला. पाच गुणसूत्रांवर ठोस खूण मिळाली: १, ६, ९, १० आणि २०. गंमत म्हणजे आपलं १४ नंबर त्या यादीत नव्हतंच, ते नंतरच्या कामात पुढं आलं.

खूण मिळाली म्हणजे जीन मिळाला का, तर नाही. एका पिढीत गुणसूत्र एखाद-दुसऱ्या ठिकाणीच तुटून जोडलं जातं, त्यामुळे शेजार फार लांबवर पसरलेला असतो. पोस्टमनला नुसता तालुका सांगितल्यासारखं, गाव नाही, गल्ली नाही. एका पट्ट्यात शेकडो जीन. तालुक्यावरून गल्लीत यायला मग जुन्या पिढ्यांची तोडजोड वापरतात, म्हणजे आज वेगवेगळ्या दिसणाऱ्या वळूंमध्ये फार पूर्वीच्या एकाच पूर्वजाकडून आलेला छोटा सारखा तुकडा कोणता ते शोधतात. १४ नंबरवर असं करत करत २००२ मध्ये डीगॅट-१ या जीनपर्यंत लोक पोचले. मदतीला एक उंदीर होता: ज्या उंदरांत हा जीन बंद केला होता त्यांच्या माद्यांना दूधच येत नव्हतं. शरीरात फॅट बनवण्याची शेवटची पायरी या जीनचं एन्झाइम करतं. त्या एन्झाइमच्या साखळीत २३२ व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असेल तर फॅटचा टक्का ठळक वाढतो पण दूध लिटरमध्ये कमी होतं, तिथं अॅलॅनिन असेल तर उलट.

आता तुमचा पहिला प्रश्न. हा फॅट वाढवणारा प्रकार आपल्या देशी गायींत आणि म्हशींत जवळपास सगळ्यांकडे आधीपासून आहे! भारतीय जातींवर २००६ मध्ये तपासणी झाली तेव्हा हेच दिसलं. म्हणजे होल्स्टिनमध्ये गाजलेला हा जीन तुमच्या म्हशीत तपासून उपयोग शून्य, कारण सगळ्याच सारख्या, निवडणार कुणाला? एचएफच्या संकरित गायीत मात्र दोन्ही प्रकार सापडतात, तिथं फरक पडू शकतो, पण तिथंही फॅट वाढलं की लिटर घटणार. शिवाय ३.२ लागण्यामागे वाळलेली वैरण कमी पडणं, ऊन, गाय नुकतीच व्यायलेली असणं हेसुद्धा असतं, ते आधी बघा. कांडी बदलून ते जाणार नाही.

प्रश्न (पुण्यातली संख्याशास्त्राची विद्यार्थिनी): मला गाय कळत नाही पण टी-टेस्ट कळते. दोन ढिगांची सरासरी तुलना करायची तर टी-टेस्ट पुरे ना? मग हे इंटरव्हल मॅपिंग आणि लॉड स्कोअर कशासाठी?

छान प्रश्न, आणि गाय कळत नाही हे कबूल करणारी तू पहिलीच.

टी-टेस्टची अडचण अशी. समज जीनचा खरा फरक २०० लिटर आहे. मार्कर जीनच्या अगदी अंगावर असेल तर दोन ढिगांत २०० चाच फरक दिसेल. पण मार्कर थोडा लांब असेल आणि दर १०० मुलींत १० वेळा मार्कर आणि जीन यांची ताटातूट होत असेल तर ढिगांत भेसळ होते. फरक उरतो २०० गुणिले एक वजा दुप्पट ०.१, म्हणजे १६०. ताटातूट २५ टक्के असेल तर १०० च. आता तुला डेटात १०० दिसले तर ते जवळचा छोटा जीन की लांबचा मोठा जीन, हे एका मार्करवरून सांगताच येत नाही, दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात गुंतलेल्या.

१९८९ मध्ये लँडर आणि बॉटस्टाइन यांनी यावर तोडगा काढला, तेच इंटरव्हल मॅपिंग. (लँडर मुळातले गणितवाले बरं का, नंतर मानवी जीनोमच्या कामात मोठं नाव झालं.) एकट्या मार्करकडे बघायचं नाही, दोन शेजारच्या मार्करच्या मधला प्रत्येक बिंदू घ्यायचा आणि विचारायचं, जीन इथं आहे असं मानलं तर हा डेटा मिळण्याची शक्यता किती आणि कुठंच नाही असं मानलं तर किती? या दोन शक्यतांच्या गुणोत्तराचा दहा पायाचा लॉग म्हणजे लॉड. लॉड ३ म्हणजे 'इथं आहे' ही गोष्ट 'कुठंच नाही' पेक्षा डेटाला हजारपट जास्त जुळते. असं गुणसूत्रभर सरकत गेलं की डोंगररांगेसारखा आलेख येतो आणि शिखर जिथं तिथं जीन असण्याचा अंदाज. त्या काळच्या कॉम्प्युटरला हे जड जायचं, मग १९९२ मध्ये हेली आणि नॉट यांनी दाखवलं की साध्या रिग्रेशननंही जवळपास तेच उत्तर येतं. जनावरांच्या पैदाशीत पुढं त्यांचीच पद्धत जास्त चालली, कारण आमच्याकडे कुटुंबं गुंतागुंतीची असतात आणि रिग्रेशनमध्ये गोठा, ऋतू, वेत असं काहीही सहज घालता येतं. १९९४ मध्ये रानडुक्कर आणि लार्ज व्हाइट डुक्कर यांच्या संकरातून डुकराच्या ४ नंबरच्या गुणसूत्रावर वाढीचा आणि चरबीचा मोठा क्यूटीएल पकडला गेला, तो काळ या पद्धतींचाच.

आता खरी गोम उंबरठ्याची आहे. एकच टेस्ट असेल तर योगायोगानं फसण्याची पाच टक्के शक्यता ठीक. पण चिपवर (एकाच वेळी हजारो मार्कर तपासणारी डीएनएची पट्टी) ५०,००० मार्कर असतील आणि एकाचाही दुधाशी संबंध नसेल, तरी पाच टक्क्यांच्या हिशोबानं २,५०० मार्कर तुला 'सापडले सापडले' म्हणून हात वर करतील. म्हणून सरळ भागाकार करून दहा लाखांत एक इतका कडक उंबरठा लावतात. पण शेजारचे मार्कर एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे हा भागाकार जरा जास्तच कडक होतो. मला आवडतो तो उपाय चर्चिल आणि डर्ज यांचा, १९९४ चा. दुधाचे आकडे पत्त्यांसारखे पिसायचे आणि कुठल्याही गायीला कुठलाही आकडा वाटायचा. आता जीन आणि दूध यांचा संबंध आपण स्वतःच तोडला, तरीही गुणसूत्रभर सरकून सर्वात उंच शिखर किती येतं ते लिहून ठेवायचं. असं हजार वेळा. त्या हजार खोट्या शिखरांपैकी ९५० ज्याच्या खाली येतात तो तुझा उंबरठा. कुठलं कोष्टक नको, वितरणाचं गृहीतक नको, डेटालाच विचारायचं की बाबा तू किती खोटं बोलू शकतोस. फक्त पिसताना कुटुंबाच्या आत पिसायचं, या वळूच्या मुलीचं दूध त्या वळूच्या मुलीला दिलं की नातं मोडतं आणि उंबरठा चुकतो. ही चूक मी छापील कागदातही पाहिली आहे.

प्रश्न (एम.व्ही.एस्सी. करणारा विद्यार्थी, गाव लिहू नका म्हणाला): ९६ म्हशींवर एका जीनचे १४ एसएनपी (डीएनएत एकाच अक्षराचा फरक असलेल्या जागा) बघितले, पाच गुणांशी ताडून. एका एसएनपीची फॅटशी पी व्हॅल्यू (निव्वळ योगायोगानं असं दिसण्याची शक्यता) ०.०३ आली. दुर्मीळ अक्षर साधारण २० टक्के आहे. सर म्हणतात लिही, सिग्निफिकंट आहे. मला धाकधूक वाटतेय.

धाकधूक बरोबर आहे, ती जपून ठेव, पुढं फार कामाला येते.

हिशोब कर. १४ एसएनपी गुणिले ५ गुण, ७० टेस्ट. काहीच नसताना ७० पैकी साडेतीन वेळा ०.०५ च्या आत येणारच. तुझं एकच आलं, म्हणजे तू नशिबापेक्षा मागंच आहेस. दुसरं, दुर्मीळ अक्षर २० टक्के असेल तर ९६ म्हशींत दोन्ही प्रती दुर्मीळ असलेल्या म्हशी किती? ०.२ चा वर्ग म्हणजे ०.०४, गुणिले ९६, जेमतेम चार. म्हणजे अख्खा थिसिस चार म्हशींवर उभा, आणि त्यातली एखादी सरकी जास्त खाणारी निघाली तर?

तिसरी गोष्ट जास्त खोल आहे. समजा तो फरक खरा असला, तरी तुझ्या डेटात तो फुगलेला दिसतोय. याला बीव्हिस इफेक्ट म्हणतात. विल्यम बीव्हिस यांनी कॉम्प्युटरवर मक्याची खोटी पिढी बनवून पाहिलं: १०० संततीवर शोध घेतला तर सापडलेल्या क्यूटीएलचा परिणाम खऱ्यापेक्षा फारच मोठा दिसतो, ५०० वर थोडा मोठा, १,००० च्या आसपास गेलं की बराच खरा. कारण साधं आहे. नमुना लहान असला की उंबरठा ओलांडायला मोठाच आकडा लागतो, मग ज्यांना नशिबानं ढकललं तेच ओलांडतात आणि आपण फक्त ओलांडलेल्यांचाच फोटो काढतो. म्हणून पहिल्या पेपरमधला ढाण्या वाघ तिसऱ्या पेपरमध्ये मांजर होऊन येतो. जीन तोच असतो, पहिलं मोजमाप फुगलेलं असतं.

आणि चौथी, जी आपल्याकडे सगळ्यात जास्त घात करते. म्हशी कुठून आणल्यास? निम्म्या पंढरपुरी आणि निम्म्या मुऱ्हा असतील तर ज्या कुठल्या एसएनपीचं प्रमाण दोन्ही जातींत वेगळं आहे तो प्रत्येक एसएनपी तुला फॅटशी, दुधाशी, शिंगांच्या लांबीशीसुद्धा जोडलेला दिसेल. संकरित गायींत तर हे हमखास होतं. एचएफचं रक्त जास्त असलेल्या गायी दूध जास्त देतात, मग एचएफकडून आलेला कुठलाही मार्कर, पार कानाच्या केसांच्या जीनशेजारचा असला तरी, दुधाचा मार्कर म्हणून मिरवतो. उपाय एकच, मॉडेलमध्ये जनावरांची नाती घालायची. वंशावळ असेल तर वंशावळीवरून, नसेल तर चिपच्या डेटावरून नात्याचा तक्ता काढून. जनावरांच्या पैदाशीच्या आकडेवारीतले मोठे नाव हेंडरसन, त्यांच्या मिक्स्ड मॉडेलचा पाया हाच. तू १४ च एसएनपी केलेत त्यामुळे चिपवरून नातं काढणं जमणार नाही, पण निदान जात, गोठा, वेत आणि ऋतू तरी घाल.

सरांना काय सांगायचं? हे सगळं सांगू नकोस, अजून व्हायव्हा बाकी आहे! थिसिसमध्ये ७० टेस्ट केल्या हे स्पष्ट लिही, पी व्हॅल्यूसोबत परिणाम किती टक्के फॅट आणि त्याची स्टँडर्ड एरर किती ते दे, पिसण्याची टेस्ट करून त्याचा उंबरठा दे, आणि वाक्य असं ठेव की दुसऱ्या कळपात पडताळणी हवी. यात खोटं काही नाही आणि डिग्रीही मिळते.

प्रश्न (माण तालुक्यातून, मेंढपाळ घरातला मुलगा, आता नोकरीला): फलटणला जुळी कोकरं देणाऱ्या मेंढ्या केल्यात म्हणतात, तेसुद्धा जीनवरून. ते खरंय का? आमच्या आजोबांचा विश्वास नाही.

खरं आहे. आणि ही गोष्ट मला डीगॅटपेक्षा जास्त आवडते, कारण यात बंगाल, ऑस्ट्रेलिया आणि सातारा असा पूर्ण फेरा आहे.

१७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजातून काही बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या. सुंदरबनातल्या गरोळ मेंढ्यांच्या पूर्वज, चणीनं बारीक पण एका वेळी दोन-तीन कोकरं देणाऱ्या. त्यांचं रक्त तिथल्या कळपांत मिसळून गेलं आणि लोक विसरले. मग विसाव्या शतकात न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळच्या बुरुला नावाच्या फार्मवरचे सीअर्स बंधू जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या वेगळ्या काढून ठेवत होते. पुढं सरकारी संशोधन संस्थेनं त्या घेतल्या. आता कोकरांची संख्या हाही मोजायचा गुण, सगळ्यांना वाटायचं यामागे पुष्कळ जीन असणार. पण मेंढीच्या अंडाशयात एका वेळी किती अंडी सुटतात ते दुर्बीण घालून मोजलं तर आकडे एकसलग पसरलेले नव्हते, तीन गठ्ठे दिसत होते: एक-दोनवाल्या, तीन-चारवाल्या आणि पाच किंवा त्याहून जास्तवाल्या. तीन गठ्ठे म्हणजे शून्य, एक आणि दोन प्रती! मोजायच्या गुणाच्या आत एक मोठा जीन लपलेला, आणि तो डीएनए न बघता नुसत्या आकड्यांच्या ढिगावरून ओळखला. नाव पडलं फेक-बी. १९९० च्या दशकात मार्करवरून तो मेंढीच्या ६ नंबरच्या गुणसूत्रावर आणला गेला आणि २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी नेमका बदल पकडला, एका प्रोटीनच्या २४९ व्या जागी ग्लुटामिनच्या ऐवजी आर्जिनिन. गरोळ मेंढीत बघितलं तर तोच बदल, तंतोतंत.

इकडे फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि त्यांचे सहकारी हेच करत होते. आपली दख्खनी मेंढी अंगानं दणकट, उन्हातान्हात चालणारी, पण बहुतेकदा एकच कोकरू. गरोळ कोकरं देते पण इतकी लहान की मटणाला परवडत नाही. मग गरोळचा फक्त तो एक जीन दख्खनीत आणायचा आणि बाकी गरोळ धुऊन काढायची. पहिल्या संकरात गरोळ निम्मी, परत दख्खनीशी लावली की पाव, परत लावली की आठवा हिस्सा. दर पिढीत रक्ताची तपासणी करून फेक-बी असलेलीच ठेवायची, नाहीतर तो जीनसुद्धा धुऊन जातो. यातून जी मेंढी तयार झाली ती नारी सुवर्णा.

आता आजोबांची बाजू. ते चुकीचे नाहीत. दोन प्रती असलेल्या मेंढीला तिळी-चौळी होऊ शकतात, आणि वाडा घेऊन कोकणात चालत जाणाऱ्या कळपात तीन कोकरं कोण सांभाळणार, आईला दूध पुरणार का? म्हणून एक प्रत पुरे. दोन प्रतींचा मेंढा घ्या, साध्या दख्खनी मेंढ्यांना लावा, सगळ्या कोकरांना बरोबर एकेक प्रत मिळते, तपासायचीसुद्धा गरज नाही. पण त्याच कोकरांतले नर-मादी आपापसात लागले तर चौथा हिस्सा कोकरं दोन प्रतींची होतील, तिथं मेंढा बदलायचं लक्षात ठेवा. आणि खुराक वाढवायची तयारी नसेल तर या भानगडीत पडूच नका, हे आजोबांना माझ्यातर्फे सांगा, ते खूश होतील.

प्रश्न (ठाण्यातून): ए-२ दूधसुद्धा असाच क्यूटीएल का?

नाही. ते एका प्रोटीनच्या, बीटा केसिनच्या ६७ व्या जागेचं प्रकरण आहे. ए-२ मध्ये तिथं प्रोलिन असतं, ए-१ मध्ये हिस्टिडिन. एक जीन, एक टेस्ट, उत्तर सरळ, आकडेवारी लागतच नाही. त्याचे आरोग्याचे दावे किती खरे हा वेगळा वाद आहे आणि माझा प्रांत नाही. पण बाटलीच्या किमतीतला फरक पाहिला की तो मात्र नक्कीच योगायोगाच्या पलीकडचा वाटतो.

प्रश्न (नेदरलँड्समध्ये आयटीत असलेला वाचक, मूळचा नाशिकचा): मशीन लर्निंगच्या काळात एकेक जीन शोधत बसणं आउटडेटेड नाही का? सगळा डेटा मॉडेलला द्या, तो सांगेल कुठला वळू चांगला.

हसू येईल, पण तू राहतोस त्याच देशात, लेलिस्टॅडला, ही गोष्ट २००१ मध्ये लिहिली गेली. मेउविसेन, आणि ऑस्ट्रेलियातले हेज आणि गोडार्ड. ते म्हणाले, जीन शोधूच नका. उंबरठा ठेवला की छोटे जीन बाहेर फेकले जातात आणि मोठे फुगून आत येतात, वर सांगितलं तेच. त्यापेक्षा सगळे मार्कर एकाच वेळी मॉडेलमध्ये घाला आणि प्रत्येकाला थोडा थोडा वाटा द्या.

अडचण तुझ्या लक्षात आलीच असेल. मार्कर ५०,००० आणि नोंद असलेले वळू दोन-चार हजार, अज्ञातं जास्त आणि समीकरणं कमी, साधं रिग्रेशन झोपतं. म्हणून सगळे परिणाम शून्याकडे ओढायचे, ज्याच्यामागे पुरावा जास्त तो कमी ओढला जातो. तुमच्यात याला रिज म्हणता ना, तेच, आमच्याकडे त्याला ब्लप म्हणायची सवय. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर हे नात्याचंच गणित आहे. दोन सख्ख्या बहिणी कागदावर अर्ध्या सारख्या, पण प्रत्यक्षात कुठली जोडी ४५ टक्के सारखी असते, कुठली ५५, आणि चिप ते मोजून देते. गंमत म्हणजे पेपर लिहिला तेव्हा गायीची तशी चिपच नव्हती. ती आली साधारण ५४,००० मार्करची, २००७-०८ च्या सुमारास, आणि जानेवारी २००९ पासून अमेरिकेत होल्स्टिनची अधिकृत आकडेवारी तीवर निघायला लागली. आधी वळूच्या मुली मोठ्या होऊन दूध देईपर्यंत पाचेक वर्षं थांबावं लागायचं, आता वासरू जन्मलं की केस उपटून पाठवले, झालं. आणि छोटे छोटे वाटे किती याचा अंदाज घ्यायचा तर २०१८ चं उंचीचं काम बघ, ५८,२६५ गुरं आणि उंचीशी जोडलेले १६३ पट्टे, फक्त उंचीसाठी.

पण मॉडेल सांगेल म्हणताना मॉडेल शिकणार कशावर? होल्स्टिनवर शिकलेलं मॉडेल गीरला किंवा पंढरपुरी म्हशीला चालत नाही, कारण मार्कर आणि जीन यांचा शेजारधर्म जातीजातीत वेगळा. आपल्या जातींचा स्वतःचा डेटा लागतो. चिप आपल्याकडे आहे, ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीमला पंतप्रधानांच्या हस्ते गौ चिप आणि महिष चिप आल्या. नाहीत त्या नोंदी. जॉर्ज यांच्यामागे दीड लाख गायींच्या वह्या होत्या. आपल्याकडे एका घरी दोन गायी, तीन म्हशी, गोठ्याचा परिणाम वेगळा काढायला त्याच गोठ्यात तुलनेला जनावरंच नाहीत, मग अख्खं गाव आणि ऋतू मिळून एक गट धरावा लागतो. त्यात कुणी दूध तोंडी सांगतं, कुणी बापाचं नाव 'डॉक्टरनं भरवली' एवढंच सांगतं. तुझं न्यूरल नेटवर्क इथं काय शिकणार?

प्रश्न (श्रीगोंद्याहून): माझ्या १२ गायी आहेत. हे सगळं वाचून मी करू काय?

कानातला १२ अंकी बिल्ला पडू देऊ नका, पडला तर परत मारून घ्या. गाय भरवताना रिकामी कांडी टाकून देऊ नका, त्यावर वळूचा नंबर छापलेला असतो, तो वहीत गायीच्या नावापुढं तारखेसकट लिहा. महिन्यातून एक ठरलेला दिवस, सकाळ-संध्याकाळ प्रत्येक गायीचं दूध वेगळं मोजा आणि जमलं तर त्याच दिवशी फॅटसुद्धा वेगळं लावून घ्या. कमी देणारी गायसुद्धा लिहा, लोक फक्त चांगल्या लिहितात आणि मग सरासरीच खोटी होते. वही पावसात भिजणार नाही अशा जागी टांगा, आणि विकलेल्या गायीचं पान फाडू नका.